सीमा ठरते ती कोणत्या मापाने?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा विषय निघाला की आष्ट्यातही चर्चा बेळगाव-निपाणीकडे वळते. आपल्याच सांगली जिल्ह्यातला जत तालुका त्याच वादात आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली निकाल दिला, आता वाद कसला, असेही विचारले जाते. पण तो निकाल नव्हता, शिफारस होती. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम 3 नुसार फक्त संसदेला आहे. आयोगाने निपाणी, खानापूरसह 264 गावे महाराष्ट्राला सुचवली, जत, अक्कलकोटकडची धरून 247 गावे तेव्हाच्या म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला. बेळगाव जिथल्या तिथे ठेवले. आयोगाचा आग्रह धरणाऱ्या महाराष्ट्रानेच तो अहवाल नाकारला, हेही सांगायला हवे.

दुसरा समज असा की जनगणनेतली भाषा पाहिली की प्रश्न सुटला. पण भाषा मोजायची कुठे, जिल्ह्यात, तालुक्यात की गावात? 1956 च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा इकडे आला. महाराष्ट्राची मागणी पाटसकर सूत्राची आहे: गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत. त्या सूत्राने आंध्र-मद्रास सीमा 1959 च्या कायद्याने बदलली, कारण दोन्ही राज्यांनी ते मानले होते. कर्नाटकाला मात्र 1956 चा कायदाच अंतिम वाटतो. माझ्या मते खरा तंटा भाषेपेक्षा या मापाचा आहे. शिवाय प्रत्येक दाव्यामागे भाषाच असते असे नाही. 2022 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या 40 गावांवर दावा सांगितला, त्याला आधार होता पाण्यासाठी केलेल्या ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावांचा. आष्ट्याच्या शिवाराला कृष्णा जवळ; जतच्या पूर्व भागाला तिची वाट पाहावी लागली.

एकाच देशातला वाद तरी सोपा असावा, असा आक्षेप येईल. कायद्याने तो सोपा आहेच: संसदेचा साधा कायदा पुरतो, विधानसभांचे मत घ्यावे लागते, संमती नव्हे. परक्या देशाला भूभाग द्यायला मात्र घटनादुरुस्ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने बेरुबाडी प्रकरणात 1960 साली सांगितले. तरी बांगलादेशाशी 1974 मध्ये झालेला करार 2015 च्या शंभराव्या घटनादुरुस्तीने तडीस गेला. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या, भारताच्या 111 आणि त्यांच्या 51 वस्त्यांची अदलाबदल झाली. 41 वर्षे लागली खरी, पण काय द्यायचे-घ्यायचे यावर दोघांच्या सह्या आधीच होत्या. आपल्याकडे महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि हा विषय न्यायालयाचा नसून संसदेचा आहे, असा कर्नाटकचा युक्तिवाद आहे.