डोळे चांगले, तरी वस्तू ओळखू येत नाही

शिक्षक मित्रांनो, डोळ्याचा पाठ घेताना आपण काय सांगतो? दृष्टिपटलावर प्रतिमा पडली, चेतातंतूंनी ती मेंदूकडे नेली, झालं, दिसलं! पण वस्तू ओळखण्याचं खरं काम त्यापुढेच सुरू होतं. मेंदूतल्या त्या भागाला इजा झाली, तर समोर कुलूप आहे की कंगवा हे माणसाला बघून कळत नाही. याला व्हिज्युअल अ‍ॅग्नोशिया म्हणतात. स्मरणशक्ती शाबूत असते. तेच कुलूप हातात दिलं किंवा किल्लीचा आवाज ऐकवला, की चटकन नाव सांगतात.

१८९० साली लिसाउअर या जर्मन डॉक्टरने याचे दोन प्रकार सांगितले. काहींना आकारच जुळवता येत नाही. काहींना आकार दिसतो, चित्र बघून बरोबर उतरवतातही, पण कशाचं चित्र काढलं ते सांगता येत नाही.

सगळ्यात गाजलेली रुग्ण म्हणजे 'डी. एफ.'. १९८८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, अंघोळ करताना गॅसच्या हीटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड तिच्या श्वासात गेला. जीव वाचला, पण आकार ओळखणं गेलं. रंग आणि पृष्ठभागाचा पोत मात्र कळायचा, त्यावरून ती वस्तूंचा अंदाज बांधायची. गुडेल आणि मिल्नर यांनी तिच्यापुढे तिरपी फट असलेली चकती ठेवली. फट कशी तिरपी आहे, तिला सांगता येईना. कार्ड आत टाका म्हटल्यावर हात आपोआप बरोबर वळला! म्हणजे 'हे काय आहे' आणि 'याला हात कसा घालू' यांच्या मेंदूतल्या वाटाच वेगळ्या.

आपल्या कन्हानला कोळसा काही नवा नाही, म्हणून पालकांना हात जोडून सांगते: थंडीत पेटती शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपू नका. गॅस गिझरच्या बाथरूमलाही हवा खेळती हवी. या वायूला वास नसतो, हो.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेल्या काही मुलांनाही, डोळे ठीक असून, बघून ओळखायला जड जातं. आई बोलली की ओळखतं, नुसतं बघून नाही; गजबजलेल्या चित्रात गोंधळतं; चष्म्याने फरक पडत नाही. अशा लेकराला 'लक्ष नाही तुझं' म्हणून रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञ आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वर्गात त्याच्या बाटलीला लाल फीत बांधा, एका पानावर एकच चित्र द्या, वस्तू आधी हातात द्या. आणि दारातून आत येताना आपलं नाव सांगा.