सह्याद्री वाहिनी झटपट कशी सापडते?

आदिलाबाद जिल्हा आज तेलंगणात असला, तरी पैनगंगेच्या त्या काठावर मराठी बोलणारी अनेक घरे आहेत. दूरदर्शनच्या मोफत 'डीडी फ्री डिश'वर त्यांना सह्याद्री वाहिनी पाहता येते. मात्र वाहिन्यांची फेरमांडणी झाली की ती पुन्हा शोधावी लागते.

'ब्लाइंड स्कॅन' निवडल्यास सेट-टॉप बॉक्स उपग्रहाचा संपूर्ण फ्रिक्वेन्सी पट्टा टप्प्याटप्प्याने चाचपतो आणि त्यात बराच वेळ जातो. हा खटाटोप टाळण्याची सोय प्रक्षेपणातच आहे. डीव्हीबी मानकानुसार संकेतासोबत 'नेटवर्क इन्फॉर्मेशन टेबल' हा तक्ता पाठवला जातो. उपग्रहावरील इतर ट्रान्सपॉन्डरच्या फ्रिक्वेन्सी त्यात नोंदवता येतात. हा तक्ता किमान दर 10 सेकंदांनी, तर त्या ट्रान्सपॉन्डरवरील वाहिन्यांच्या नावांची यादी किमान दर 2 सेकंदांनी पुन्हा येते. त्यामुळे एक ट्रान्सपॉन्डर सापडला की बॉक्स उरलेल्यांकडे थेट वळतो.

यासाठी जीसॅट-15 (93.5 अंश पूर्व) हा उपग्रह निवडून 'नेटवर्क सर्च' हा पर्याय चालू ठेवावा. तक्ता अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी अर्थातच प्रक्षेपकाची. तो जुना राहिला, तर प्रेक्षकापुढे ब्लाइंड स्कॅनच उरतो.