तहांची गोष्ट – लेखांक ७ : ओलीस दिवाणाने फिरवलेला हिशेब

मागच्या लेखांकात आपण गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनची लढाई पाहिली. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. लढाईचा निकाल लागला, पैशांचा मात्र लागला नाही. निजामाच्या मुलखातल्या वसुलावर मराठ्यांची चौथाई, म्हणजे पाव हिस्सा, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी होती. ही रक्कम थकत गेली आणि पुढच्या तीस वर्षांत बाकी कोटींच्या घरात पोचली.

ती मागण्याचे काम निजामाच्या दरबारातले पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांच्याकडे होते. त्यांनी हिशेब पुढे ठेवला, तेव्हा दिवाण मुशीर-उल-मुल्कने पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनी स्वतः येऊन तो समजावून द्यावा, असा हट्ट धरला. नानांना सवड नाही, असे काळ्यांनी सांगताच त्यांना कसे आणायचे ते दाखवतो, असे उत्तर मिळाले. बोलणी तिथेच फिसकटली. निजामाची फौज बीदरहून मांजरेच्या काठाने निघाली. इंग्रज गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला.

११ मार्च १७९५ रोजी बीडच्या सीमेलगत खर्ड्याला निजाम हरला आणि तिथल्या किल्ल्यात कोंडला गेला. तहात दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये ठरले. शर्ती पुऱ्या होईपर्यंत खुद्द मुशीर-उल-मुल्क पुण्यात ओलीस राहणार होता.

नानांचा डाव इथेच उलटला. ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे सवाई माधवराव निपुत्रिक वारले आणि गादीवरून कारभाऱ्यांत फूट पडली. नानांना महाडला जावे लागले. त्यांना फौजेचे पाठबळ हवे होते. पुण्यातली दुही जवळून पाहणाऱ्या मुशीर-उल-मुल्कने या गरजेची किंमत नेमकी ओळखली. ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहात निजामाने दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला नानांना साथ द्यायची आणि बदल्यात खर्ड्याचा मुलूख परत, उरलेली बाकी माफ, असे ठरले.

डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला आणि तह जसाच्या तसा मान्य करायला तयार होईना. पुन्हा घासाघीस सुरू झाली. १७९७ मध्ये मुशीर-उल-मुल्क पुणे सोडून हैदराबादेत परतला आणि पुन्हा दिवाणगिरीवर बसला.

काळ्यांची मागणी हिशेबाला धरून होती, पण हिशेब मानायला समोरच्याला भाग पाडेल असे दरबारात त्यांच्या हाती काही नव्हते. मुशीर-उल-मुल्ककडे पुण्यात ना फौज होती, ना किल्ला. नानांची अडचण तेवढी त्याला ठाऊक होती. खंडणीची हमी म्हणून आणलेला माणूसच ती माफ करून घेणारा मध्यस्थ ठरला. बीडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला, त्यामागच्या अनेक कारणांत हा फिरलेला हिशेबही आहे.

मुशीर-उल-मुल्कने पुण्याचा धसका घेतला होता. त्यापायी १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार झाला. त्याची कलमे पुढच्या आठवड्यात पाहू.