‘दिल पडोसी है’ : कूलरच्या गावात ऐकलेला अल्बम

८ सप्टेंबर १९८७ला, आशाताई भोसले यांच्या वाढदिवशी, ‘दिल पडोसी है’ हा दुहेरी अल्बम आला. शब्द गुलजारांचे, संगीत राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचमदा यांचं. पंचमदांचा तो पडता काळ. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’नंतर निर्मात्यांना ठेका हवा होता आणि पंचमदांकडचं काम आटत चाललं होतं. अशा वेळी या तिघांनी चित्रपटच बाजूला ठेवला. नायिका नाही, प्रसंग नाही, गाणं हिट करून दाखवण्याचा तगादा नाही.

चंद्रपुरात तेव्हा औष्णिक केंद्राचे संच एकामागून एक सुरू होत होते आणि ऊर्जानगरच्या वसाहतीत टू-इन-वन आले होते. पानठेल्यावर, वरातीत डिस्कोच वाजायचा. त्यात आमचा उन्हाळा! मार्चपासून खिडकीतला कूलर घरघरू लागला की ढोल आणि टाळ्या तेवढ्या त्यातून वाट काढत. ‘दिल पडोसी है’ची कॅसेट त्या आवाजात लावून काही उपयोग नसे. ओळीच्या शेवटी आशाताई सूर जवळजवळ बोलण्याइतका खाली आणतात, वाद्यं मागे सरतात, आणि नेमकं तेच ऐकायचं असतं. ‘भीनी भीनी भोर’ शास्त्रीय अंगाचं, ‘रात क्रिसमस की थी’ पाश्चात्त्य वळणाचं. पण दोन्हींत आवाजाला ऐसपैस जागा ठेवलेली आहे. आमच्याकडे म्हणून हा अल्बम दिवाळीनंतरच निघायचा.

त्याच दशकात इंग्लंडमधल्या न्यू वेव्ह मंडळींनाही सिंथेसायझरचा हा दुसरा उपयोग सापडला होता. गोंगाट वाढवण्याऐवजी गाण्याभोवती हवा खेळती ठेवायची. रॉक्सी म्युझिकचा १९८२चा ‘अ‍ॅव्हलॉन’ त्याचा उत्तम नमुना. ‘ब्लँकमांज’ या जोडीतले स्टीफन ल्यूसकॉम्ब यांच्या ‘वेस्ट इंडिया कंपनी’साठी तर आशाताई स्वतः १९८४मध्ये गायल्या. म्हणजे त्या लाटेचा स्पर्श त्यांच्या गळ्याला आधीच झाला होता. मी ‘दिल पडोसी है’ला ‘अ‍ॅव्हलॉन’च्या शेजारी बसवतो, आणि शब्दांच्या बाबतीत तर वरच.

१९८७च्याच ‘इजाजत’मधल्या गाण्यासाठी आशाताई आणि गुलजार दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या झगमगाटात हा अल्बम मागे पडला, याची मला अजून हळहळ वाटते. मराठीत पुढे श्रीधर फडके यांच्या ‘ऋतु हिरवा’मध्ये आशाताईंना अशीच चित्रपटाबाहेरची मोकळीक मिळाली आणि तो घराघरांत पोचला. ‘दिल पडोसी है’च्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.

४ जानेवारी १९९४ला पंचमदा गेले. आमच्याकडे त्यांच्या नावाचे ऑर्केस्ट्रा होतात, ते सत्तरच्या दशकाबाहेर क्वचितच पडतात. प्रियदर्शिनी सभागृहात एखाद्या डिसेंबरमध्ये हा अल्बम सलग सादर व्हावा. भरगच्च वाद्यवृंद नको. बास गिटार, की-बोर्ड, तबला आणि खालच्या सुरात न घाबरता गाणारी एक गायिका पुरे.