भिडूची खूण

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, भीमाशंकराच्या डोंगराखाली, पावसाची झड लागून भाताची लावणी आटोपली म्हणजे देवळाच्या सभामंडपात घोंगडी पसरून मेंढीकोटाचे डाव मांडले जातात. आणि समोरासमोर बसलेल्या भिडूंपैकी एकाने बदामाचे पान टाकताना उगाच खाकरल्याचा नुसता भास झाला, तरी बाजूचा गडी "खूण केली" म्हणून पाने खाली ठेवतो व डाव तेथेच मोडतो. लहानपणी पाहिलेले एक वृद्ध खेळाडू मला आठवतात. पाळी नसेल तेव्हा ते आपली पाने घोंगडीवर पालथी घालून दोन्ही हात मांडीवर स्वस्थ ठेवीत, कारण त्या हातांवर कोणी बोट ठेवावे हे त्यांना मरणाहून दुःसह होते.

ब्रिज हा याच कुळातला खेळ. चार माणसे, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पाने आणि हुकूम. मात्र येथे भिडूशी बोलण्याच्या विहित वाटा दोनच, उघड बोली आणि टाकलेली पाने. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या जोडीला परस्परांचे मन कळू लागते, आणि हेच तिचे भूषण परपक्षाला संशयाचे मूळ वाटते.

१९६५ साली ब्युनॉस आयर्स येथे बर्म्युडा बोल ही विश्वविजेतेपदाची स्पर्धा चालू असता अमेरिकेच्या बी. जे बेकर यांच्या ध्यानात आले की, ब्रिटनचे टेरेन्स रीस व बोरिस शापिरो हे पानांच्या पाठीवर बोटे कधी दोन, कधी तीन, कधी जुळवून, कधी फाकवून धरतात. त्यांनी ही गोष्ट आपल्या भिडू डोरोथी हेडन आणि न्यूयॉर्क टाइम्सचे ब्रिजलेखक ॲलन ट्रस्कॉट यांच्या कानी घातली. बोटांची टिपणे झाली, वाटलेल्या पानांशी त्यांची रुजवात घालण्यात आली, आणि जितकी बोटे तितकी बदामाची पाने, बोटे फाकलेली असल्यास आणखी तीन, असा हिशेब जुळला. जागतिक ब्रिज महासंघाने दोष मुक्रर केला. खुद्द ब्रिटनचे न खेळणारे कर्णधार राल्फ स्वाइमर यांनी ती बोटे पाहून आपल्या संघाचे सामने सोडून दिले. परंतु पुढे सर जॉन फॉस्टर व जनरल लॉर्ड बोर्न यांच्यापुढे प्रदीर्घ तहकिकात होऊन १९६६ साली निराळाच निवाडा आला: बोटांविषयीची साक्ष प्रबळ असली तरी प्रत्यक्ष खेळात त्या ज्ञानाचा लाभ घेतल्याचे दिसत नाही, सबब संशयाचा फायदा आरोपींना. हा युक्तिवाद मला पटत नाही. भिडूच्या हाती बदामे किती हे ठाऊक असलेल्या निष्णात खेळाडूला त्या ज्ञानाची गरज दहांत एखाद्या डावाला पडावी. बाकीचे नऊ तो सचोटीच्या माणसासारखाच खेळणार, आणि त्या नवांतून त्याचे निर्दोषत्व कसे सिद्ध व्हावे?

१९७५ साली बर्म्युडा बेटावर याच स्पर्धेत भिडू एकमेकांच्या दृष्टीआड राहावेत म्हणून मेजावर पडदे उभारले गेले, तर इटलीच्या फाकेत्ती यांचे पाय मेजाखालून झुकेल्ली यांच्या पायांना लागताना दिसले. तेथे केवळ कडक ताकीद मिळाली, आणि अजिंक्यपद इटलीनेच नेले. २०१३ साली बाली येथे जर्मनीच्या व्लाडोव व एलिनेस्कू या दोघा डॉक्टरांच्या खोकल्याचा अर्थ लावला गेला व त्यांच्यावर बंदी आली.

२०१५ साली नॉर्वेच्या बोये ब्रोगेलान यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावून मातब्बर जोड्यांवर उघड आरोप केले, तेव्हा इटलीच्या फांतोनी व नुनेस यांच्या खुणांची किल्ली माइके मेवियस या डच पदार्थवैज्ञानिक बाईंना चित्रफितींतून सापडली: टाकलेले पान उभे आहे की आडवे, यावर हातात बडे पान असल्या-नसल्याचा संकेत. युरोपीय महासंघाने बंदी घातली. लोझानच्या क्रीडा लवादाने २०१८ साली पुरावा अपुरा ठरवून ती उठवली. आमच्या सभामंडपात जी गोष्ट एका शब्दावर तुटते, तिच्यासाठी तेथे चित्रफिती, तज्ज्ञ आणि वकील उभे राहतात, आणि तरीही दोन निवाड्यांचे तोंड दोन दिशांना. अब्रूचा प्रश्न असल्याने ही दिरंगाई मला मान्य आहे; मात्र जे प्रामाणिकपणे खेळून हरले, त्यांच्या फिर्यादीची दाद त्या दप्तरांत कोठे लागलेली आढळत नाही, याचे दुःख होते.

रीस १९९६ साली वारले. शापिरो दीर्घायुषी ठरले. १९९८ साली लील येथे, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आयर्विंग गॉर्डन या दुसऱ्या भिडूबरोबर त्यांनी ज्येष्ठांचे जागतिक जोडी-विजेतेपद मिळवले.