डोंगरावर बर्फ आहे का?

थंडीचे दिवस आले, की आपल्याकडे शेकोट्या पेटतात. पेटीतले स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात. जर्मनीतील र्युसेल्सहाइम या शहरातील मुले मात्र थंडी पडू लागली, की एकच प्रश्न विचारू लागतात, "डोंगरावर बर्फ आहे का?"

र्युसेल्सहाइम हे माइन नदीच्या काठी वसलेले शहर आहे. फ्रँकफुर्ट आणि माइन्त्स या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान ते आहे. आडाम ओपेल नावाच्या एका कारागिराने १८६२ मध्ये येथे शिवणयंत्रे बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कारखान्यात सायकली तयार होऊ लागल्या. १८९९ पासून तेथे मोटारी बनू लागल्या. त्यामुळे हे शहर मोटारींसाठी प्रसिद्ध झाले. फ्रँकफुर्टच्या आसपासच्या या भागात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही राहतात.

र्युसेल्सहाइम समुद्रसपाटीपासून सुमारे ९० मीटर उंचीवर आहे. आजूबाजूचा प्रदेश सपाट आहे. हिवाळ्यात येथे कधी कधी बर्फ पडतो; पण तो फार दिवस टिकत नाही. सकाळी पांढरे झालेले अंगण दुपारपर्यंत पुन्हा ओले आणि चिखलाचे होते. मग मुले उत्तरेकडे पाहू लागतात. तिकडे टाउनस नावाची डोंगररांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर म्हणजे ग्रोसर फेल्डबेर्ग. जर्मन भाषेत 'बेर्ग' म्हणजे डोंगर आणि 'ग्रोसर' म्हणजे मोठा. शेजारीच धाकटा फेल्डबेर्गही आहे.

मोठा फेल्डबेर्ग सुमारे ८८० मीटर उंच आहे. र्युसेल्सहाइमपासून तो सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. म्हणजे तो काही फार दूर नाही. तरीही अनेकदा असे घडते, की शहरात पाऊस पडत असतो आणि त्याच वेळी डोंगरावर मात्र बर्फ पडत असतो. असे का होते बरे?

सूर्याच्या उष्णतेने आधी जमीन तापते. जमिनीमुळे तिच्या जवळची हवा तापते. ही हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे वर चढणारी हवा पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधील हवा सोडताना तोंडापाशी बोट धरून पाहा. जोराने बाहेर येणारी, पसरणारी हवा बोटाला गार लागते. डोंगरावरही हवा अशीच पसरते आणि गार होते. साधारणपणे दर १०० मीटर उंचीला तापमान अर्ध्या अंशाहून थोडे जास्त कमी होते.

आता हिशोब करून पाहू. र्युसेल्सहाइम आणि फेल्डबेर्ग यांच्या उंचीत सुमारे ८०० मीटरचा फरक आहे. म्हणजे डोंगरमाथ्यावरचे तापमान शहरापेक्षा सुमारे ५ अंशांनी कमी असते. शहरात ३ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर डोंगरावर ते शून्याखाली २ अंश असेल. शून्य अंशाला पाणी गोठते, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून खाली छत्री उघडावी लागते आणि वर मुले बर्फात खेळत असतात!

हा नियम आपल्याकडेही लागू आहे. वाई गाव सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. म्हणून पसरणीचा घाट चढताना हवा गार होत जाते. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ पहाटे दवबिंदू गोठतात. लोक त्यांना हिमकण म्हणतात. पण ते आकाशातून पडलेले हिम नव्हे. आपल्याकडे वळवाच्या पावसात पडणाऱ्या गाराही हिम नव्हेत. गारा म्हणजे गोठलेल्या पाण्याचे कठीण गोळे. हिम मात्र ढगातच नाजूक स्फटिकांच्या रूपाने तयार होते. हिमाच्या स्फटिकाला बहुधा सहा बाजू किंवा सहा फाटे असतात. अमेरिकेतील विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये अशा एका स्फटिकाचे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र काढले. पुढे त्यांनी अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली.

आपल्याकडून तेथे गेलेली माणसे पहिल्यांदा बर्फ पाहतात, तेव्हा त्यांना नवल वाटते. त्यांनी रसाच्या गाडीवर लाकडी पेटीतला बर्फ पाहिलेला असतो. तो दगडासारखा कठीण असतो. डोंगरावरचा ताजा बर्फ मात्र पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो. त्यात हवाच पुष्कळ असते. ताज्या बर्फाने भरलेली बादली घरात आणून ठेवली, तर थोड्या वेळाने तिच्या तळाशी थोडेसेच पाणी उरते. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला, की साधारण एक सेंटिमीटर पाणी होते.

बर्फ पडल्यावर सगळीकडे शांत शांत वाटते. बर्फातील हवेच्या पोकळ्या आवाज शोषून घेतात. ऊन पडले, की डोळे दिपतात. ताजा बर्फ आपल्यावर पडणारा बहुतेक सगळा प्रकाश परत पाठवतो. म्हणून बर्फात फिरणारे लोक काळा चष्मा लावतात.

फेल्डबेर्गवर आलेली मुले लाकडी घसरगाड्या घेऊन उतारावरून सूं सूं करत खाली येतात. काही जण पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. पण कोणत्याही बर्फावर हा खेळ चांगला रंगत नाही. बर्फ कसा आहे, हे आधी ओळखावे लागते.

त्याची एक सोपी परीक्षा आहे. मुठीत बर्फ घेऊन दाबायचा. हवा फार थंड असेल, तर बर्फ कोरडा असतो. तो पिठासारखा बोटांतून निसटतो. त्याचा चेंडू होत नाही. असा बर्फ स्कीइंगला फार चांगला. हवा शून्य अंशाच्या आसपास असेल, तर बर्फ ओलसर असतो. त्याचा चेंडू छान होतो. बर्फाचा माणूस करायला हाच बर्फ हवा! पण त्यावर स्कीच्या पट्ट्या अडखळतात. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठला, की त्यावर काचेसारखा थर तयार होतो. त्यावर पाय ठरत नाही. अशा वेळी पडून हात-पाय मोडण्याची भीती असते.

म्हणून बर्फाच्या खेळांच्या ठिकाणी रोज बर्फाची माहिती जाहीर करतात. पायथ्याशी आणि माथ्यावर बर्फ किती सेंटिमीटर आहे, तो कोरडा आहे की ओला, तापमान किती आहे, कोणते उतार खुले आहेत, हे सारे त्यात असते. ही माहिती पाहूनच शहाणी माणसे घरातून निघतात. बर्फाच्या भाराने झाडांच्या फांद्या मोडून पडतात. तसा धोका असला, की फेल्डबेर्गकडचे रस्ते किंवा जंगलातील वाटा बंद करतात. कधी कधी सुट्टीच्या दिवशी इतक्या मोटारी वर येतात, की वाट अडून राहते. डोंगरावर बसही जाते. बसने गेले, तर मोटार उभी करायला जागा शोधत बसावे लागत नाही.

फेल्डबेर्गवर बर्फ नसेल, तर काही लोक आणखी उत्तरेला विंटरबेर्ग या गावी जातात. तेथे स्कीइंगचे अनेक उतार आहेत. शेजारच्या नेदरलँड्स देशात डोंगर जवळजवळ नाहीतच. त्यामुळे तेथूनही पुष्कळ लोक विंटरबेर्गला येतात. येथे बर्फ कमी पडला, तर बर्फाच्या तोफा लावतात. या तोफांतून गोळे सुटत नाहीत! त्या पाण्याचे अगदी बारीक थेंब हवेत उंच उडवतात. ते थेंब जमिनीवर पडण्याआधीच गोठतात. मात्र यासाठी हवा शून्याखाली सुमारे ३ अंश किंवा त्याहून थंड असावी लागते. पाणी आणि वीजही पुष्कळ लागते. हवाच उबदार असेल, तर तोफा नुसत्या उभ्या राहतात.

आणि हवा तर आता उबदार होत चालली आहे. दगडकोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. ३१ डिसेंबर २०२२ या दिवशी जर्मनीत काही ठिकाणी तापमान २० अंशांपर्यंत गेले होते. ऐन हिवाळ्यात अनेक उतारांवर हिरवे गवत दिसत होते. जर्मनीतील सर्वांत उंच शिखर त्सुगश्पित्झे हे २९६२ मीटर उंच आहे. त्याच्याजवळ श्नेफेर्नर नावाच्या दोन हिमनद्या होत्या. त्यांतील दक्षिणेकडची हिमनदी इतकी वितळली, की २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला हिमनदी म्हणणे सोडून दिले.

आपल्या देशातही असे अनुभव येत आहेत. काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात ते बर्फाने झाकलेले असते. पण २०२४ च्या जानेवारीत बरेच दिवस तेथे बर्फच नव्हता. २०२५ मध्ये फेब्रुवारीत होणाऱ्या हिवाळी क्रीडास्पर्धा पुरेसा बर्फ नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. बर्फ नसला, म्हणजे पाहुण्यांची नुसती निराशा होते असे नाही. घसरगाडी ओढणारे, स्कीइंग शिकवणारे, चहा-नाश्ता विकणारे अशा कितीतरी लोकांचा रोजगार बुडतो. डोंगरावरचा बर्फ हळूहळू वितळून झऱ्यांना आणि नद्यांना पाणी देतो. तो कमी झाला, तर उन्हाळ्यात शेतीलाही पाणी कमी पडते.

शहरात ३ अंश तापमान असेल, तर फेल्डबेर्गवर बर्फ पडतो. शहरात ६ अंश असेल, तर डोंगरावर १ अंश असते. मग पडलेला बर्फ वितळू लागतो किंवा पाऊसच पडतो. फरक फक्त ३ अंशांचा! आपल्या अंगाला तो जाणवतही नाही. पण डोंगराला तो लगेच कळतो.

तुम्ही सहलीला एखादा घाट चढून जाल, तेव्हा शाळेतील तापमापी बरोबर घ्या. पायथ्याशी तापमान पाहून वहीत लिहा. माथ्यावर पोचल्यावर सावलीत पुन्हा पाहा. किती अंशांचा फरक पडला, ते काढा. मग त्या फरकावरून आपण किती मीटर उंच आलो, याचा अंदाज तुम्हांला करता येईल.