चेनसॉची धार: आधी भुसा बघा

आजच्या भागात कोड नाही, कानस आहे. ज्यांना बसमध्ये ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित.

मी नाशिकला सॉफ्टवेअरचं काम करतो, पण सुट्टीला निफाडजवळ मामांच्या मळ्यात असतो. पावसाळ्यात बांधावरची बाभूळ आडवी झाली, म्हणून मी चेनसॉ घेतला. दहा मिनिटांत चेन मातीला लागली. मग मशीन नुसतं ओरडायला लागलं, कापेना. मी काय केलं? जोर लावला. रेटता रेटता बारचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि बार उसळून थेट तोंडाकडे आला! चेनब्रेक लागला म्हणून वाचलो.

मामा शांतपणे म्हणाले, "अरे, खाली भुसा बघ ना."

भुसा पिठासारखा होता. धारेची चेन ढलप्या काढते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसलं की थांबायचं.

मला वाटायचं चेनसॉ म्हणजे इंजिनवरची करवत. खरं तर तो रंधा आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्सला लाकूड पोखरणारी एक अळी दिसली. तिचे जबडे डावीउजवीकडे चालत होते. त्यावरून त्याने जी चेन बनवली, तिचंच तत्त्व आजही चालतं. प्रत्येक दाताला मागे पातं आणि पुढे छोटा उंचवटा असतो. हा उंचवटा पात्यापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो, आणि पातं किती खोल जाणार ते तोच ठरवतो. बरीच वेळा धार लावली की पातं झिजून खाली येतं, तेव्हा उंचवटाही सपाट कानशीने घासावा लागतो. पण जपून! जास्त घासला तर चेन लाकडात अडकते, झटके देते.

धार लावताना इंजिन बंद, हातात मोजे, बार घट्ट पकडीत. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी, आमच्या चेनला ४.८ मिमीची लागते. माप मशीनच्या पुस्तकात असतं. कोन साधारण ३० अंश. कानस आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायची, परत आणताना उचलायची. सगळ्यात झिजलेला दात आधी घ्या आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. माझ्या डाव्या बाजूचे दात जास्त घासले गेले, तर काप चक्क वाकडा जायला लागला.

बाकी दोन गोष्टी. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालू नका, त्यात धातूचे कण असतात. आणि टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि कार्बोरेटर बिघडतो.

दुपारी पुन्हा मशीन लावलं. बुटांवर ढलप्या पडल्या. मामांनी एक उचलून बघितली, खिशात टाकली आणि चहा ठेवायला गेले.